आगमनकाळ म्हणजे नेमकं कोणाचं आगमन?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात एका चर्चच्या फळ्यावर 'आगमनकाळाचा पहिला रविवार' असं वाचलं. आगमन म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो. मग नाताळ महिनाभर लांब असताना हे कोणाचं आगमन?

प्रभू येशूचं, आणि तेही दोन वेळचं. एकदा तो बेथलेहेमात जन्मला ते, आणि तो पुन्हा येणार असा आमचा विश्वास आहे ते. पहिलं सगळ्यांना ठाऊक असतं, दुसरं फारसं कोणाला नसतं. त्या रविवारी तुम्ही आत येऊन बसला असतात, तर गव्हाणी, मेंढपाळ यांतलं काही कानावर पडलं नसतं. त्या दिवशीची वाचनं असतात जागं राहण्याविषयी: तो कोणत्या घटकेला येईल सांगता येत नाही, तयार राहा. आपल्याकडे सिद्धेश्वरांची यात्रा जानेवारीत, पण त्यातला नंदीध्वज, म्हणजे ती उंच जड काठी, पेलायचा सराव कितीतरी आधीपासून चालतो ना? तशी ही मनाची तयारी.

आगमनकाळाला इंग्रजीत अ‍ॅडव्हेंट म्हणतात. तो आला लॅटिन 'आदवेन्तुस'वरून. 'आद' म्हणजे कडे, 'वेनीरे' म्हणजे येणं. रोमन सम्राट वाजतगाजत शहरात यायचा, त्या सोहळ्याला हाच शब्द होता. त्यांच्या नाण्यांवरही तो आहे. लॅटिन बायबलात येशूच्या पुन्हा येण्यासाठी तोच वापरला. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की लॅटिन 'वेनीरे' आणि संस्कृत 'गम्' हे एकाच जुन्या धातूपासून आलेले. 'गम्' म्हणजे जाणं. त्याला 'आ' लागला की दिशा फिरते, गमनाचं आगमन होतं. त्यामुळे 'अ‍ॅडव्हेंट'ला मराठीत तोडका शब्द दिलाय असं मी कधीच मानत नाही. तो त्याचा सख्खा भाऊ आहे.

तारीख दरवर्षी बदलते. ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळ, तो पहिला. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीही. तिथून नाताळपर्यंत चार रविवार. चर्चचं वर्षही तिथूनच सुरू होतं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरात झाली तो दिवस, २९ नोव्हेंबर १९७०, आगमनकाळाचा पहिला रविवारच होता.

आत वेदीजवळ हिरव्या पानांचं कडं आणि त्यावर चार मेणबत्त्या दिसतील. दर रविवारी एक वाढवून लावायची. ही पद्धत १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न यांनी गरीब मुलांच्या आश्रमात सुरू केली. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची, म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. आमचं कडं सायकलच्या जुन्या रिमवर होतं. अशोकाचे डहाळे तारेनं आवळायचे. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर पांढऱ्यांनाच जांभळी फीत. तिसऱ्या रविवारची मात्र गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. सोलापूरच्या कोरड्या हवेत पानं पंधरा दिवसांत कडकडीत होतात, म्हणून तिसऱ्या रविवारच्या आधी ती न विसरता बदलायची. एकदा फितीनं पेट घेतला होता, तेव्हापासून पाण्याचा तांब्या शेजारीच असतो.

जांभळा हा पश्चात्तापाचा रंग. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या तूरचे बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्याला तीन उपास ठरवून दिले होते. आता आमच्याकडेही डिसेंबर लागला की केक आणि कार्यक्रमांची घाई सुरू होते. मला ते खटकतं. वाट बघायचे दिवसच खाऊन टाकले, तर पंचवीस तारखेला दारात कोण आलं हे कळणार कसं?

येत्या वर्षी पहिल्या रविवारी जरूर या. ख्रिस्ती असायलाच हवं असं काही नाही, मागच्या बाकावर बसा. त्या दिवशी चारांपैकी एकच मेणबत्ती पेटलेली असेल.