शेवटच्या पंगतीला काय उरतं?

मागच्या अंकात मी आतड्यातल्या जिवाणूंवर आणि आहारावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांची सुरुवात ‘विचारायला संकोच वाटतो, पण...’ अशी आहे. अजिबात संकोचू नका. नोकरीची एकतीस वर्षं माझा पगार याच विषयावर निघाला. सकाळी चहाच्या आधी विष्ठेचा पहिला नमुना उघडायची सवय असलेल्या बाईला तुम्ही काय लाजणार?

मुलीने घरच्या घरी करायची शौचाची तपासणी मागवली. अहवालात माझ्या जिवाणूंची ‘विविधता’ १०० पैकी ४२ आली आणि चांगल्या जिवाणूंच्या रकान्यात दोन लाल खुणा. मला त्रास काहीच नाही, पोट रोज साफ होतं. पण आठवडाभर झोप लागलेली नाही. (वय ६१)

अहवाल कपाटात ठेवा आणि झोपा.

हिमोग्लोबिन कमी आलं तर ते कशापेक्षा कमी, हे डॉक्टर सांगू शकतात. निरोगी आतड्यात कोणते जिवाणू किती असावेत, याचं तसं माप कुठेही ठरलेलं नाही. हे ४२ गुण त्या कंपनीने आपल्याच फूटपट्टीवर मोजलेत. दुसऱ्या कंपनीची फूटपट्टी वेगळी असते.

बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात हजाराहून अधिक लोकांचे नमुने तपासले गेले, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. वय, वजन, औषधं, आहार, सगळं नोंदवलं होतं. माणसामाणसातल्या जिवाणूंच्या फरकापैकी या सगळ्यातून उलगडला तो जेमतेम ७-८ टक्के. आणि या यादीत सगळ्यात ठळक ठरलं काय? मल घट्ट की सैल, हे! मल आतड्यात जास्त वेळ रेंगाळला की त्यातली विविधता वाढलेली दिसते. म्हणजे बद्धकोष्ठाच्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त गुण मिळू शकतात. तुमचं पोट रोज साफ होतं, त्याचीच ही शिक्षा म्हणा हवं तर.

आणखी एक. तुम्ही पाठवलेला नमुना वाटाण्याएवढा. तो आतड्यातून बाहेर पडलेल्या मलाचा आहे. आतड्याच्या भिंतीवरच्या चिकट थरात जे राहतात, त्यांची मोजदाद त्यात नीट होत नाही. शिवाय या तपासणीत डीएनए मोजतात आणि मेलेल्या जिवाणूलाही डीएनए असतो. हे मला फार लागतं, कारण जिवंत ठेवण्यासाठी मी जन्मभर धडपडले. यातल्या पुष्कळ जिवाणूंना ऑक्सिजन म्हणजे विष. आम्ही ज्या नळ्यांत त्यांना वाढवायचो त्यात एक रंगद्रव्य घातलेलं असे. आत हवा नसेल तर नळी फिकट, हवा शिरली की गुलाबी. एका सोमवारी येऊन बघते तो ओळीने चोवीस नळ्या गुलाबी! शनिवारी झाकण नीट बसवलं नव्हतं. मीच. सुंदर रंग होता, आणि आत सगळी मढी.

लाल खुणेचे ते दोन जिवाणू कॅप्सूलमधून ‘भरून काढायला’ सुचवलं असेल, तर तेवढं मात्र करू नका. मुलीला रागावू नका, काळजीपोटीच केलं तिने.

तुमचा लेख वाचून कडधान्यं, भाज्या, कोंड्यासकट धान्य, सगळं एकदम सुरू केलं. पाचव्या दिवशी पोटाचा ढोल झाला. मीटिंगमध्ये बसवेना. माझ्या प्रकृतीला हे मानवत नाही असं समजून सोडून देऊ का? (वय ३८)

दोष माझा. त्या लेखात ‘हळूहळू’ हा शब्द होता. जागा कमी पडली म्हणून मीच तो काढला. तुमच्यासारखी आणखी अकरा पत्रं आली आहेत, त्या सगळ्यांची एकदमच माफी मागते.

सोडू नका. पण आत काय झालं ते समजून घ्या, म्हणजे पुढे कसं जायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आपलं जेवण ही एक लांबलचक पंगत आहे. पहिला मान लहान आतड्याचा. साखर, मैदा, तेल, बारीक दळलेलं, गाळलेलं असं जे काही सहज पचतं ते तिथेच शोषलं जातं. मोठं आतडं बसतं शेवटच्या पंगतीला, आणि आपले बहुतेक जिवाणू तिथेच राहतात. त्यांच्या पानात काय पडणार, हे वरच्यांना काय पचवता आलं नाही त्यावर ठरतं. फायबर आपल्याला पचत नाही, कारण पिष्ट आणि शर्करा तोडायला आपल्या शरीराकडे वीसहून कमी विकरं (एन्झाइम) आहेत. मोठ्या आतड्यातल्या एकट्या एका जिवाणूकडे अशी दोनशेहून अधिक आहेत. त्याचं नाव बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन. आम्ही लाडाने नुसतं ‘थीटा’ म्हणायचो.

हे फायबर जिवाणू कुजवत नाहीत, आंबवतात. त्यातून तीन छोटी आम्लं बनतात : अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. पहिलं म्हणजे व्हिनेगरमधलंच. तिसऱ्याला खवट लोण्याचा वास येतो. एकदा त्याची बाटली माझ्या स्वेटरवर कलंडली. स्वेटर तीनदा धुतला, शेवटी टाकून दिला, आणि तरी आठवडाभर घरातले माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसत होते. पण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच आहे. शरीरातल्या इतर बहुतेक पेशी रक्तातून येणाऱ्या साखर-चरबीवर चालतात. या पेशी मात्र जिवाणूंनी रांधलेलं खातात. शेवटच्या पंगतीला पान रिकामं राहिलं, तर उपाशी नुसते जिवाणूच राहत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगात फायबर बंद केल्यावर जिवाणूंनी आतड्याच्या भिंतीवरचा संरक्षक चिकट थरच खायला घेतला. (उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. म्हणून जिवाणूंच्या बाबतीत उंदरांवरून माणसावर उडी घेताना मी नेहमी एक पाय मागे ठेवते.)

माणसांवरचा मला आवडणारा प्रयोग २०१५ मधला आहे. अमेरिकेतले वीस आफ्रिकी-अमेरिकी लोक आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले वीस जण. दोन आठवड्यांसाठी त्यांनी आहाराची अदलाबदल केली. अमेरिकी गटाला भरपूर फायबर आणि थोडी चरबी, ग्रामीण गटाला याच्या उलट. दोनच आठवड्यांत अमेरिकी गटात ब्युटिरेट (म्हणजे तेच ब्युटिरिक आम्ल) वाढलं आणि आतड्याच्या अस्तराची जळजळ (सूज) उतरली. ग्रामीण गटाचं नेमकं उलटं झालं. या बदलांचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या जोखमीशी संबंध आहे, म्हणूनच तो प्रयोग केला होता. दोन आठवड्यांत कर्करोग होतो किंवा टळतो असं मात्र कोणी समजू नये.

आता तुमचा ढोल. आंबवलं की वायू होणारच. कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि काहींच्या पोटात मिथेन. यातला हायड्रोजन माणसाची एकही पेशी बनवत नाही. तरी तो तुमच्या श्वासात सापडतो, कारण आतड्यातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात येतो. दुधातली साखर पचते की नाही हे डॉक्टर फुंकर मारायला लावून तपासतात, ते याच्याच जोरावर. म्हणजे गॅस झाला याचा अर्थ ‘मानवत नाही’ असा नाही, शेवटच्या पंगतीला वाढप सुरू झालं एवढाच. फक्त चार जणांच्या पंक्तीत तुम्ही चाळिसांचं वाढून टाकलंत. वायू खाऊन टाकणारे जिवाणूही असतात, पण त्यांची संख्या जमायला दिवस लागतात. बहुतेकांचा त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो.

आता जेवढं खाताय त्याच्या निम्म्यावर या. आठवड्याला एकच नवीन पदार्थ वाढवा. कडधान्यं रात्रभर भिजवा आणि ते पाणी ओतून द्या, वायू करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्यातच निघून जातो. पाणी जास्त प्या, नाहीतर फायबर उलट बांध घालतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते. दोनशे ग्रॅम शिजवलेल्या मसुरातून पंधराएक ग्रॅम मिळतात आणि सालासकट एका सफरचंदातून चारेक. तिथे पोचायला दोन महिने लागले तरी बिघडलं नाही.

इतकं करूनही दुखत राहिलं, शौचावाटे रक्त दिसलं, वजन आपोआप उतरलं किंवा पोटदुखीने रात्री जाग येऊ लागली, तर माझं सदर बाजूला ठेवून पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

दाढेच्या दुखण्यासाठी पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली आहेत, सोबत प्रोबायोटिक कॅप्सूल. घेऊ का? (वय ४५)

अँटिबायोटिक सांगितली तशी पूर्ण घ्या, त्यात खळखळ नको. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत ‘चांगले’ जिवाणू; त्या कॅप्सूलचं उत्तर मात्र दोन तोंडांचं आहे. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब काही प्रोबायोटिकमुळे कमी होतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पूर्वी तुम्हाला तसे जुलाब झाले असतील, तर तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. पण ‘मोडलेली वसाहत कॅप्सूलने पुन्हा वसते’ ही समजूत चुकीची. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये एक छोटा पण नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. अँटिबायोटिकनंतर एका गटाला काहीच दिलं नाही, त्यांचे जिवाणू तीनेक आठवड्यांत बरेचसे मूळपदावर आले. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे पाच महिन्यांनीही आले नव्हते. पाहुण्यांनी घर अडवलं आणि घरचे दारात उभे राहिले. तिसऱ्या गटाला त्यांचीच, आधी जपून ठेवलेली विष्ठा परत दिली. ते काही दिवसांत सावरले.

हे वाचून कोणाच्या डोक्यात भलतीच कल्पना येण्याआधी सांगते. विष्ठेचं रोपण हा खराखुरा उपचार आहे. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाच्या जिवाणूचे जुलाब पुन्हा पुन्हा उलटतात, त्यावर तो वापरतात. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या चाचणीत १६ पैकी १५ रुग्ण त्याने बरे झाले. पण २०१९ मध्ये अमेरिकेत एक रुग्ण दात्याच्या विष्ठेतल्या औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूमुळे दगावला. हे रुग्णालयात, तपासलेल्या दात्याकडूनच करायचं काम आहे. घरच्या मिक्सरमध्ये नव्हे. हसू नका, तसंही विचारणारं एक पत्र आहे.

आनंदाचं रसायन सेरोटोनिन ९० टक्के आतड्यात बनतं म्हणे. मग पोट सुधारलं की नैराश्य जाईल? (वय २६)

बनतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. आतड्यात ते आतड्याचीच हालचाल सांभाळतं. पोट आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची ये-जा आहे आणि त्यावर काम जोरात चालू आहे. पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आहार नंतर बघू. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. घेतली की मला एक ओळ टाका.

आहार तोच ठेवून फक्त व्यायाम वाढवला तर जिवाणूंना कळतं का? (वय ५२)

कळतं. इलिनॉय विद्यापीठात बैठ्या लोकांना सहा आठवडे व्यायाम करायला लावला. सडपातळ असलेल्यांत ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढले, स्थूल लोकांत फरक थोडा. पुढचे सहा आठवडे व्यायाम बंद, आणि जिवाणू पुन्हा होते तिथे. जिवाणू फार कृतघ्न असतात.

दह्यातले जिवाणू पोटात टिकतात का? टिकत नसतील तर खायचं कशाला? (वय ७०)

तुमच्या आधी हा विषय इलिया मेचनिकोव्ह यांनी उचलला होता. प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. म्हातारपण मोठ्या आतड्यातल्या कुजण्यामुळे येतं आणि आंबवलेल्या दुधातले जिवाणू ते रोखतात, असं त्यांचं मत होतं. ते स्वतः असं दूध नेमाने घेत.

दह्यातले बहुतेक जिवाणू मुक्कामाला राहत नाहीत. काही जठरातल्या आम्लात मरतात, उरलेले वाटसरूसारखे पुढे जातात. पण वाटसरूही बाजारात चार गोष्टी करून जातो. स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांवर दहा आठवडे केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना भरपूर फायबर, निम्म्यांना रोज सहाएक वेळा आंबवलेले पदार्थ. दुसऱ्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातली जळजळ दाखवणारी रक्तातली १९ प्रथिनं घटली. फायबरच्या गटात विविधता वाढली नाही. फायबरची बाजू घेऊन इतकं लिहिल्यावर हे सांगायला जिवावर येतं, पण सांगायलाच हवं. कदाचित दहा आठवडे कमी पडले असतील. कदाचित माझं मन वळायला वेळ लागेल.

तेव्हा दही खा, बिनसाखरेचं. आणि तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलंय, ‘मेचनिकोव्ह मग किती जगले?’ ७१ वर्षं. हृदयविकाराने गेले.