गाडी केंद्रावर न नेता पीयूसी काढून मिळते का? आणि नसेल तर दंड किती बसतो?

तुम्ही लिहिलंय की परभणीत राहता, २०१२ ची डिझेल पिकअप आहे, पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचं प्रमाणपत्र, संपून काही महिने झालेत आणि मित्र म्हणतोय नंबर प्लेटचा फोटो पाठवला की घरबसल्या पीयूसी येते. खरंय, देणारे आहेत. पण तो कागद तुमच्या गाडीचा नसतो, फक्त नंबर तुमचा असतो. घेऊ नका.

बीड जिल्ह्यात माझं स्वतःचं पीयूसी केंद्र आहे. त्याआधी बरीच वर्षं इंजिनात डिझेल सोडणारे पंप आणि नोझल यांचं काम केलं. तुमचा हा प्रश्न मला गिऱ्हाइकांनी विचारला तर मी दोन वाक्यांत वाटेला लावतो, पण तो माझ्या घरातल्या माणसानं विचारला होता आणि त्यावरून आजही आमच्यात धड बोलणं नाही. म्हणून जरा लांबणार आहे.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक, म्हणजे आमचे दाजी, ऊसतोडीच्या टोळ्या नेतात. स्वतःचा जुना सहा चाकी ट्रक आहे. आमच्याकडं दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात, हे परभणीकरांना सांगायला नको. मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते, कोयते (तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोड्या) ठरलेले असतात, कारखान्याचा फोन सारखा चालू असतो आणि मग एका रात्रीत अख्खी टोळी ट्रकमध्ये चढते. कारखाना वाहतुकीच्या करारासाठी गाडीची सगळी कागदपत्रं मागतो. विमा, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), पीयूसी. दाजींचं बाकी सगळं तयार होतं, पीयूसी तेवढी संपली होती.

संध्याकाळी ते मोटारसायकलवर आले. हातात आरसीची झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये ट्रकचा फोटो. मी म्हणलं, "दाजी, ट्रक कुठंय?" म्हणाले, "वाडीवर उभा हाय, सामान भरायलेत. तू काढ की, तुपलंच तर मशीन हाय."

मी सांगितलं, ट्रक आणा, दहा मिनिटांचं काम आहे. वाडी काही लांब नव्हती. पण त्यांना ट्रक आणायचा नव्हता, कारण ट्रक धूर मारतोय हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पोळ्याला त्यांच्या दारात तो सुरू झाला तेव्हा मीच म्हणलं होतं की नोझल काढून तपासून घ्या, एअर फिल्टर बदला. तेव्हा हो म्हणाले आणि केलं काहीच नाही. हंगामाआधी सगळा पैसा उचलीत अडकलेला असतो, ते मला कळतं. म्हणून मी त्यांना म्हणलं, आत्ता ट्रक आणा, फिल्टर माझ्याकडून घाला, नोझल मी स्वतः रात्री बसून करून देतो, मजुरी नको. मग मशीन लावू. ते तसेच उठले. जाताना एवढंच म्हणाले, "सोयऱ्याला एक कागद देईना गेला, आन् म्हणं नोझल करतो."

कागद त्यांना त्याच रात्री दुसरीकडून मिळाला. कुठून ते मला माहीत आहे, इथं सांगत नाही.

रात्री उशिरा तो ट्रक माझ्या केंद्रासमोरूनच गेला. मी शटर ओढत होतो. पुढं स्पीड ब्रेकर आहे, तिथं दाजींनी गिअर बदलला आणि ॲक्सिलेटर दाबला. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात काळा लोट उठला तो सरळ मागच्या फाळक्यावर. फाळक्याला टेकून बायका बसल्या होत्या, पेट्या, पत्रे, बांबू, शेळी, सगळं त्यातच. एका बाईच्या मांडीवर लेकरू होतं, तिनं पदराचा बोळा करून त्याच्या नाकातोंडावर धरला. ट्रक पार वळणाआड जाईपर्यंत तिचा हात तसाच होता. पुढं रात्रभराचा प्रवास, कितीतरी स्पीड ब्रेकर आणि घाट.

तो हंगाम दाजींना कुणीही अडवलं नाही. एकदाही नाही. उन्हाळ्यात परत आले आणि एका लग्नात चार पाहुण्यांसमोर मला म्हणाले, "बघ, मपलं काय वाकडं झालं? तुझ्या मशीनचा उपयोग तरी काय?" आणि वर, "एका ट्रकनं काय हवा बिघडती का?" मी तेव्हा गप्प बसलो, लग्नघर होतं. पण माझं उत्तर तयार आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

पीयूसी म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद, ही समजूतच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. डिझेल गाडीची तपासणी कशी होते ते बघा. इंजिन गरम असताना गाडी न्यूट्रलवर ठेवून ॲक्सिलेटर पूर्ण दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीतून धूर स्मोक मीटरकडं जातो, तिथं त्या धुरातून उजेड किती अडतो ते मोजलं जातं आणि रिडिंगांची सरासरी निघते. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी टप्पे. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला या रिडिंगची मर्यादा २.४५ आहे, जुन्या मापात ६५ हार्ट्रिज. बीएस-४ ला १.६२. तुमची २०१२ ची, आपल्या भागात घेतलेली पिकअप बहुतेक बीएस-३ असणार, म्हणजे २.४५ च्या आत यायला हवी. पेट्रोल गाडीत हीच नळी, पण इंजिन आयडलवर ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात.

आता डिझेल गाडी काळा धूर का मारते? आत गेलेलं डिझेल पूर्ण जळत नाही म्हणून. एक तर हवा कमी पडते, म्हणजे फिल्टर चोंदलाय. आपल्याकडच्या धुळीत आणि उसाच्या पाचटात तो किती लवकर चोंदतो ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. मी असे फिल्टर काढलेत की झटकल्यावर पायाशी मातीचा ढीग पडतो. नाहीतर नोझल फवारा मारायच्या ऐवजी धार सोडतंय. नाहीतर पंपाचं सेटिंग कुणीतरी 'पिकअप वाढवून देतो' म्हणून वाढवून ठेवलंय. तिन्हीत तुमच्या पैशाचं डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातंय. म्हणजे दाजींना कुणी अडवलं नाही हे खरं, पण हंगामभर प्रत्येक खेपेला ते दंड भरत होते, पेट्रोल पंपावर. हे मी लग्नात बोललो असतो तर बरं झालं असतं.

दाजींचा ट्रक गेला त्याच आठवड्यात एक शेतकरी भाजीपाल्याचा टेम्पो घेऊन आला होता. पहिलं रिडिंग ३.६. फेल. मी त्याला कागद दिला नाही, मशीनमधून निघणारी फेलची स्लिप दिली. आधी चिडला. दोन दिवसांनी फिल्टर बदलून आणि नोझल करून आला, रिडिंग १.९. पास. तो आजही माझ्याकडंच येतो. तपासणीची फी डिझेल गाडीला १५० रुपये, दुचाकीला ५०. एवढ्या पैशात इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते दुसरं कोण सांगतं?

ही फेलची स्लिप बऱ्याच लोकांना माहीत नसते. २०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं देशभर पीयूसीचा एकच नमुना केला, क्यूआर कोडसह, तेव्हाच ही सोय आली. गाडी नापास झाली तर का झाली ते त्या स्लिपवर असतं आणि ती दाखवून गाडी दुरुस्त करून घेता येते. केंद्रवाला फेल म्हणतोय आणि स्लिप देत नाही, उलट 'वरचे शंभर द्या, करून देतो' म्हणतोय, तर तिथून निघा.

दंडाचं विचारलंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र ठरू शकतं. ही वरची मर्यादा आहे, दर वेळी पूर्ण आकडा लागतोच असं नाही. पण तुमचं पोट पिकअपवर असेल तर दंडापेक्षा लायसन्सची काळजी करा. आणि एक गोष्ट मित्राला जरूर सांगा. खिशात चालू पीयूसी असली तरी गाडी डोळ्यांदेखत धूर मारत असेल तर मोटार वाहन निरीक्षक किंवा पोलीस उपनिरीक्षक तुम्हाला पुन्हा तपासणीला पाठवू शकतात. नियम ११६ आहे. तेव्हा फोटोवर काढलेल्या कागदाचा काडीचा उपयोग होत नाही.

विम्याबद्दल उलटसुलट ऐकलं असेल. १० ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नका असं सांगितलं होतं, ती अट २०२४ च्या जुलैमध्ये काढली. आणि पीयूसी नव्हती एवढ्याच कारणावरून अपघाताचा क्लेम नाकारता येत नाही हे विमा नियामकानं २०२० मध्येच स्पष्ट केलंय. हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतोय, कारण विम्याची भीती दाखवून पीयूसी विकणारे बघितलेत आणि ते मला आवडत नाही. पण मालवाहू गाडी आठ वर्षांवरची असली की पासिंग दरवर्षी लागतं, आणि तिथं धूर मारणारी गाडी घेऊन उभं राहायचं तुम्हालाच आहे.

माझ्यासारखेच केंद्रवाले मला शिव्या देतात, तेही सांगतो. मशीनला पैसा घालायचा, कॅलिब्रेशन करत राहायचं, आणि पलीकडचा दुसऱ्याच गाडीला नळी लावून कागद काढतो. गिऱ्हाईक त्याच्याकडं जातं. पण माझं म्हणणं आहे की देणारा जेवढा दोषी तेवढाच मागणारा. दाजी म्हणतात एका ट्रकनं काय होतं. परळी-वडवणीकडून दसऱ्यानंतर निघणारा प्रत्येक मालक हेच म्हणत असतो, आणि त्या सगळ्या ट्रकांच्या मागं माणसंच बसलेली असतात. दिल्लीच्या हवेचं मला सांगू नका. फाळक्याला टेकून बसलेल्या बाईला दिल्लीचं काय करायचंय, तिच्या नाकापासून सायलेन्सर हातभर अंतरावर आहे.

तुम्ही काय करायचं ते आता. आधी फिल्टर उघडून बघा, गच्च असेल तर बदला. मग गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून, इंजिन चांगलं गरम करून केंद्रावर न्या. थंड इंजिन जास्त धूर मारतं आणि गाडी उगाच फेल होते. आरसी आणि मोबाइल सोबत ठेवा, नंबर नोंदवावा लागतो. गाडी सेकंडहँड असेल तर नोंदीत आधीच्या मालकाचा नंबर नाही ना, ते बघा, नाहीतर मुदत संपल्याचा मेसेज त्याच्याकडं जात बसेल. नळी सायलेन्सरमध्ये खोल गेली पाहिजे, सायलेन्सरला भोक असेल तर आधी वेल्डिंग करा, नाहीतर रिडिंग खोटं येतं. आणि स्क्रीनवरचा आकडा स्वतः वाचा, कागदावर तोच आलाय का ते पडताळा.

बीएस-३ ची पीयूसी सहाच महिने चालते, बीएस-४ आणि बीएस-६ ची वर्षभर. नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. परभणीत काढलेली देशभर चालते, एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये असली तरी पुरते. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की तुमची पीयूसी दिसते. मित्रालाही त्याची बघायला सांगा, त्याच्या फोटोवाल्या पीयूसीवर गाडीच्या धुराचं कोणतं रिडिंग छापलंय ते त्यालाच विचारा.

माझ्याकडं यायचं तर वाट वाकडी करून येऊ नका, परभणीत प्रामाणिक केंद्रं आहेत. फिल्टर बदलूनही रिडिंग २.४५ च्या वर राहिलं तर नोझल काढून टेस्ट बेंचवर लावून बघा. पंपाला हात लावायची घाई करू देऊ नका, त्यात खर्च जास्त आणि दहातल्या आठ वेळा दोष तिथं नसतो.