दाताच्या डॉक्टरला राजकारणात कुणी मत देतं का?

तुम्ही विचारलंय, 'बीडीएस झालंय, प्रॅक्टिस बरी चाललीय, पण ओढा राजकारणाकडे आहे. दवाखान्याचा निवडणुकीत उपयोग होईल का?'

मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातला दाताचा डॉक्टर, शिकलो बेळगावात. नुसत्या दवाखान्याच्या जिवावर उभे राहणार असाल तर नका राहू. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला लोक जन्मभर विसरत नाहीत, 'पोरगा तुमच्याच हातावर झाला' म्हणून पेढे आणतात. आमच्याकडचा पेशंट रात्रभर ठणका सोसून येतो आणि तोंडात कापूस धरून जातो. ठणका थांबला की डॉक्टर कोण आणि काय!

आपल्या धंद्यातले माणिक साहा त्रिपुराचे मुख्यमंत्री झाले, हे उदाहरण तुमच्या डोक्यात असणारच. पण त्यांची वाट नीट बघा. बीडीएस पाटण्याला, एमडीएस लखनौला, मग आगरतळ्याच्या मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. काँग्रेसमधून भाजपमध्ये आले २०१६ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. २०२० मध्ये प्रदेशाध्यक्ष, २०२२ मध्ये राज्यसभा आणि त्याच वर्षी मे महिन्यात बिप्लब देव पायउतार झाल्यावर थेट मुख्यमंत्री. तोवर ते आमदारही नव्हते! सहा महिन्यांत विधानसभेवर निवडून येणं भाग होतं, म्हणून जूनमध्ये टाऊन बरदोवालीची पोटनिवडणूक लढले. म्हणजे खुर्ची आधी आणि मतं नंतर. ती खुर्ची पक्षाने दिली, पेशंटांनी नव्हे. तरी माणसाचा हात सुटला नाही, हे मला आवडतं. जानेवारी २०२३ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, जुन्या कॉलेजात जाऊन त्यांनी दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडाचं ऑपरेशन केलं.

आता आपल्याकडचं. खानापुरात २०१८ ला डॉ. अंजली निंबाळकर काँग्रेसकडून निवडून आल्या. त्या डॉक्टर होत्या हे खरं, पण सीमाभाग महाराष्ट्रात मागणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीतली दुफळीही तितकीच खरी. २०२३ ला त्याच पुन्हा उभ्या होत्या, पण भाजपचे विठ्ठल हलगेकर आले. डॉक्टरकी दोन्ही वेळा तीच होती की! शिवाय इथं कन्नड अस्खलित हवं. गल्लीत मराठीवर भागतं, तालुका कचेरीत नाही.

मीही एकदा नगरपंचायतीला उभा राहिलो होतो. पहिल्याच बैठकीत एका मामांनी विचारलं, 'डॉक्टर, तुम्ही समितीचे की पक्षाचे?' अपक्ष म्हटल्यावर चहा येईपर्यंत निम्मी माणसं उठून गेली. प्रचारात पंधरा दिवस दवाखान्याला कुलूप, म्हणून एका आजोबांची कवळी बसवायची राहिली. ते कोपरासभेत आले आणि सगळ्यांसमोर बोळकं उघडून म्हणाले, 'आधी ह्येचं बघा, मग गटारीचं.'

डिपॉझिट गेलं. कवळी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बसवली, पैसे न घेता.