मीटरच्या पेटीत पोळं लागलंय, औषध मारून घेऊ का?

प्रश्न: आमचं घर फोंड्याजवळ, मागे परसात काजूची झाडं नि भोपळ्याची वेल आहे. व्हरांड्यातल्या जुन्या, बंद पडलेल्या मीटरच्या पेटीत मधमाश्या शिरल्यात. गेल्या मोसमात पण होत्या, तेव्हा औषध मारून काढल्या, त्या परत आल्या. सासूबाई घाबरतात. पेस्ट कंट्रोलवाल्याला परत बोलावू का? आणि गेल्या वर्षापासून इवले इवले भोपळे पिवळे पडून गळतात, खत कमी पडतंय का?
– एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, आधी त्या पेस्ट कंट्रोलवाल्याला नको म्हणून कळवा, मग पुढचं वाचा.

अंधाऱ्या पेटीत शिरणारी ही बहुतेक आपली सातेरी असणार (हो, आपल्या देवीचंच नाव!). स्वभावाने गरीब माशी, वाटेत हात घातला नाही तर ती आपल्या नादी लागत नाही. उंच झाडाला नाहीतर टाकीखाली उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते ती आग्या, तिच्यापासून मात्र लांबच राहायचं. सातेरीचं पोळं जाणकार मधपाळ अलगद काढून लाकडी पेटीत बसवतो, तुमच्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. तोवर व्हरांड्यातला दिवा रात्री बंद ठेवा नि सासूबाईंची खुर्ची दुसऱ्या बाजूला. औषध मारलं तर मेलेल्या माश्या, अळ्या नि मध आतच कुजतो, मुंग्या लागतात, आणि तो विषारी मध न्यायला दुसऱ्या पोळ्यातल्या माश्या आल्या की त्याही मरतात.

आता भोपळा. गळलेलं फळ कापून बघा, आत अळ्या असल्या तर ती फळमाशी. नसल्या तर बहुतेक पराग पोचला नाही. भोपळ्याला नर फूल वेगळं, मादी वेगळं, मादीच्या मागे इवलासा भोपळा असतोच, आणि फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं, तेवढ्या वेळात कुणीतरी पराग नेऊन घातला पाहिजे, खत घालून ते होणार नाही. सकाळी सातला वेलीपाशी उभं राहून बघा, पिवळ्या धुळीने माखलेली माशी फुलातून बाहेर येते, पाय झाडते नि लगेच पुढच्या फुलात शिरते, मला तर ते बघताना चहाची आठवण राहत नाही. माश्या दिसत नसल्या तर नर फूल तोडून मादीवर हळूच घासा. काजूच्या मोहोरालाही माश्या, मुंग्या लागतातच, म्हणून मोहोर असताना फवारणी नको, अगदीच लागली तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर.

तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या राहू देत. उन्हाळ्यात बशीत पाणी नि त्यात चार खडे ठेवा, माश्या खड्यावर बसून पितात, बुडत नाहीत. आणि चावलीच तर काटा नखाने लगेच खरवडून काढा नि तिथून बाजूला व्हा, कारण त्या जागेला पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो, त्यावर बाकीच्या येतात. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल.