नाशिकमध्ये दिवाळी पहाटला आजी आणि लहान मुलांना घेऊन एकाच सकाळी दोन-तीन कार्यक्रम करता येतील का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की घरात 78 वर्षांची आजी आहे, 6 आणि 10 वर्षांची मुलं आहेत, आणि यंदा गोदाघाट, जुनं नाशिक आणि कॉलेज रोड असे तिन्हीकडचे कार्यक्रम एका सकाळी करायचेत. आजीला घरीच ठेवलेलं बरं का, असंही शेवटी विचारलंय. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे: जमणार नाही, आणि ओढूनताणून जमवूही नका. दुसऱ्या भागावर मला बरंच बोलायचंय, कारण हा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

आधी पहिलं उरकते. नाशकात सगळीकडचे दिवाळी पहाटेचे गाण्याचे कार्यक्रम साधारण पाच-साडेपाचला सुरू होतात आणि आठच्या आसपास संपतात. गायक आधी मोठा ख्याल, म्हणजे संथ लयीत रागाचा विस्तार, घेतो, त्यातच अर्धा-पाऊण तास जातो. मग जलद लयीतली द्रुत बंदिश, मग नाट्यपद, अभंग आणि शेवटी समारोपाची भैरवी. तुम्ही घाटावरून सहाला उठलात की जुन्या नाशकात पोचेपर्यंत तिथला ख्याल आटोपलेला असतो आणि शाल-श्रीफळ चालू असतं. तिथून कॉलेज रोडला जाल तेव्हा भैरवी लागलेली असते. तीन ठिकाणी जाऊन एकही गाणं पुरतं कानावर पडत नाही. दिवाळीचे दिवस चार-पाच असतात, कार्यक्रमही वेगवेगळ्या दिवशी विभागलेले असतात. एका सकाळी एकच जागा धरा, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जा.

पहाटेचे राग पहाटेच, समोर बसून ऐकायची संधी आता किती कमी राहिली आहे, याचाही विचार करा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. उजाडता उजाडता ललत, मग अहिरभैरव, तोडी असे पहाटे-सकाळचे राग ऐकून माणसं उठायची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आली आणि सवलत मिळाली तरी ती बारापर्यंतच. नियम योग्यच आहे, पण त्यात रात्रभराच्या मैफली गेल्या आणि त्यांच्याबरोबर पहाटेचे राग श्रोत्यांच्या वाट्याचे गेले. यमन, बागेश्री असे संध्याकाळ-रात्रीचे राग ऐकणारे लाखो आहेत. ललत समोर बसून ऐकलेले तुमच्या बिल्डिंगमध्ये किती सापडतील? दिवाळी पहाट हे त्यासाठी उरलेलं एक मोठं निमित्त आहे, आणि तेवढा वेळ आपण पार्किंग शोधण्यात घालवायचा, हे मला अजिबात पटत नाही.

आता आजीचं.

माझ्या सासूबाई पंचवटीतल्या. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी शेवटच्या काळात जिथे रामनाम आधार आश्रम चालवला, ती पंचवटी. त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर 1921 साली नाशकातच जन्मले. त्यामुळे त्या भागातल्या जुन्या घरांमध्ये मुलीने गाणं शिकणं ही लपवायची गोष्ट नव्हती. सासूबाईंनी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या. पुढे लग्न झालं आणि पेटी माळ्यावर गेली. आमच्या घरात कोणी त्यांना गाताना ऐकलेलं नाही. स्वयंपाकघरातसुद्धा नाही.

तर एका दिवाळीत आमच्या मोठ्या दिरांनी तुमच्यासारखाच बेत आखला. दोन गाड्या, तीन ठिकाणं, पुढच्या रांगांचे पास. आदल्या रात्री फराळाच्या ताटावर बसून त्यांनी सगळ्यांना वेळा सांगितल्या आणि शेवटी म्हणाले, "आईला काही झेपणार नाही. तिला मी टीव्हीवर यूट्यूब लावून देतो, घरबसल्या ऐकेल." आई समोरच बसल्या होत्या. करंजीचा तुकडा हातात होता, तो त्यांनी ताटात ठेवला. त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्याही काही बोलल्या नाहीत.

मी बोलले. म्हटलं, "भाऊजी, आईंना विचारलंत का?" तर म्हणाले, "गुडघे बघितलेस ना तिचे? उद्या काही झालं तर कोण निस्तरणार?" मी म्हटलं, मी निस्तरीन. जाऊबाईंनी मला डोळ्याने खुणावलं की सणासुदीला वाद नको. पण सणासुदीलाच तर हे ठरतं, की घरातलं कोण माणसांत जाणार आणि कोण टीव्हीसमोर बसणार.

पाडव्याची पहाट होती. आईंना मी विचारलं, "येणार का?" त्या म्हणाल्या, "साडी कुठली नेसू?" मी, आई आणि माझी आठ वर्षांची मुलगी रिक्षाने दहीपुलापर्यंत गेलो आणि तिथून नेहरू चौकातल्या पिंपळपारावर. अंतर दोन मिनिटांचं, आम्ही सावकाश गेलो. मध्ये एका ओट्यावर आई टेकल्या. तिथल्या वाड्यातल्या बाई सडा घालून रांगोळी काढत होत्या, त्यांनी न सांगता पाण्याचा तांब्या आणून दिला. वरती आकाशकंदील, खाली पणत्या आणि आमच्यासारखीच शाली गुंडाळून आलेली माणसं. पुढे भारतीय बैठक, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. एका कार्यकर्त्याला सांगितल्यावर त्याने आईंसाठी कडेची खुर्ची मोकळी करून दिली. तिथून तबलजी स्पष्ट दिसत होता.

गायक अजून बसायचे होते. तबलजी हातोडीने तबला लावत होता. पहाटेच्या दमट हवेत चामडं सैल पडतं, स्वर उतरतो, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा ठोकावं लागत होतं. गजऱ्यावर, म्हणजे काठावरच्या चामड्याच्या वेणीवर, वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. हे आईंनी माझ्या मुलीला कानात सांगितलं आणि तिची झोप उडाली. त्यानंतर तिने त्या हातोडीवरची नजर काढली नाही. दोन तंबोरे होते. मागे बसलेल्या मुलीने एकाची पहिली तार लावली, छेडून बघितली, परत खुंटी पिळली. आईंनी मान थोडी वाकडी केली आणि म्हणाल्या, "पंचम नाही लावला, मध्यम लावलाय. ललत गाणार." गायक अजून व्यासपीठावर आलेले नव्हते. ललतमध्ये पंचम वर्ज्य, म्हणजे 'प' हा स्वर लागतच नाही, म्हणून तंबोराही मध्यमाला, 'म'ला लावतात. हे त्यांना ज्या काळात शिकवलं होतं, त्या काळात आमचे दीर जन्मलेही नव्हते.

आणि ललतच निघाला. शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम लागोपाठ आले तेव्हा आईंचा हात मुलीच्या गुडघ्यावर होता. संथ लयीचा पूर्ण विलंबित ख्याल त्यांनी तिथे बोटांनी मात्रा धरल्या, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना हलकेच थाप दिली. थोड्या वेळाने मुलीला सम कळायला लागली, तीही आजीबरोबर मान हलवायला लागली. त्या वयाच्या मुलाला शास्त्रीय गाणं कळत नाही, कंटाळा येतो, असं म्हणतात. शेजारी धरून बसणारं कोणी नसेल तर येतोच. त्या दिवशी माझ्या मुलीला जे मिळालं ते मी देऊ शकत नव्हते, मला गाण्यातलं तेवढं कळत नाही. ते तिच्या आजीकडेच होतं.

साडेसहाच्या पुढेमागे उजाडलं. अभंग झाले, भैरवी झाली. आई सगळं संपेपर्यंत बसल्या होत्या. गुडघे दुखले का? दुखले. उठताना दोघींनी हात दिला. संध्याकाळी तेल चोळून शेक घेतला आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला नणंदा आल्या तेव्हा त्यांना बसवून सगळी बैठक क्रमाने सांगितली, कुठल्या बंदिशीनंतर काय घेतलं ते.

गाडीवाली मंडळी नंतर मिसळीच्या ठिकाणी भेटली. पहिल्या ठिकाणी त्यांना दीपप्रज्वलन आणि प्रायोजकांची भाषणं मिळाली, दुसरीकडे अर्धं नाट्यपद, तिसरीकडे गाडी लावायला जागाच मिळाली नाही. मुलं मागच्या सीटवर झोपून गेली होती. तरी भाऊजींनी पापड मोडता मोडता मला विचारलं, "आईला उगीच त्रास दिलास ना?" मी आईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मला विचार की." बस, एवढंच. त्यावर ते गप्प बसले, पण त्यांचं मत बदललं नाही. अजूनही ते नातेवाइकांत म्हणतात की धाकटीने आईला हट्टाने नेलं होतं. त्यांनी हे वाचलं तर वाचोत. हट्ट माझा नव्हता. इच्छा आईंची होती आणि ती त्यांना कोणी विचारली नव्हती.

म्हणून तुम्हाला सांगते, "आजीला घरी ठेवू का" हे इथे अनोळखी लोकांना विचारू नका, आजीला विचारा. काळजीपोटी म्हणतोय असं घरात कोणी सांगेल, तर त्यांना सांगा की काळजी असेल तर रिक्षा ठरवा, खुर्ची सांगून ठेवा, सोबत चाला. न विचारता घरी बसवणं ही काळजी नाही, ती आपली सोय आहे. आणि यूट्यूबवर ऐकणं वेगळं. तिथे शेजारी नातवंड नसतं आणि तंबोरा लावताना कोणी दाखवत नाही.

बाकी व्यवहाराचं. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर पाडव्याचा दिवस धरा. नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत सगळ्यांचं अभ्यंगस्नान, तेल-उटणं, कारीट फोडणं असतं. मुलांना त्यासाठी उठवून पुन्हा पाचला कुठे पोचायचं म्हणजे घरातल्या बाईचे हाल होतात. शिवाय त्या पहाटे फटाक्यांचे आवाज गाण्याच्या मध्ये येतात. पाडव्याची ओवाळणी नंतर निवांत होते.

गोदाघाट सुंदर आहे, पण पायऱ्या आणि उतार आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला जुन्या नाशकातला सपाट चौक सोयीचा. त्यातून 2027 च्या सिंहस्थाची कामं निघाल्यापासून घाटाकडचा कुठला रस्ता कधी बंद असेल याचा भरवसा नाही. घाटावरच जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी एक चक्कर मारून या. चारचाकी जुन्या नाशकात नेऊ नका. रविवार कारंजा किंवा दहीपुलापर्यंत रिक्षाने या आणि परतीच्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. सणाच्या सकाळी रिक्षा पटकन मिळत नाही.

स्पीकरच्या समोर बसू नका, विशेषतः मुलांना घेऊन. कडेला, तबलजीच्या बाजूला बसा. मुलांना हात दिसले पाहिजेत. थर्मासमध्ये दूध, दोन चकल्या, आजीसाठी शाल आणि पाठीला उशी. बाथरूम कुठे आहे ते कार्यक्रम सुरू व्हायच्या आत बघून ठेवा. वयस्कर बायका बऱ्याचदा याच एका कारणासाठी "मी नाही येत" म्हणतात आणि कारण सांगत नाहीत. आयोजकही याचा विचार करत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. सत्काराला वीस मिनिटं काढता येतात, पण चार घरं बोलून बायकांसाठी एक बाथरूम उघडं ठेवता येत नाही. आणि सत्कार करायचाच असेल तर गाणं सुरू व्हायच्या आधी करा. दोन रागांच्या मध्ये माइक ओढून घेऊ नका.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं मी बैठकीच्या गाण्याबद्दल बोलतेय. तुम्हाला ज्या ठिकाणी जायचंय तिथे ऑर्केस्ट्रा किंवा जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम असेल तर मधूनच उठून दुसरीकडे गेल्याने फार बिघडत नाही, गाणी सुटी सुटी असतात. आणि आजी खरंच "नको" म्हणाल्या, तर ओढून नेऊ नका. तेही त्यांचंच म्हणणं असलं पाहिजे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर पहाटेच्या गारठ्याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. सहा वर्षांचं तुमचं धाकटं मात्र अडीच तास बसेलच असं नाही. एका मोठ्या माणसाने त्याला मध्येच बाहेर न्यायची तयारी ठेवा, म्हणजे आजीला उठावं लागणार नाही.

यंदाचे कार्यक्रम कुठे, कोणाचे, ते वसुबारसेच्या आसपास पेपरात आणि चौकातल्या फलकांवर येतं. पाससाठी धावपळ करू नका. पुढच्या रांगा बहुतेक निमंत्रितांसाठी राखलेल्या असतात, बाकी कार्यक्रम खुला असतो. पाचच्या आधी पोचलात तर हवी ती कडेची खुर्ची मिळते.