अमेरिकेत ट्रेलहेडला सोडणाऱ्या शटल ड्रायव्हरला टिप द्यायची का? किती?

ॲपलेशियन ट्रेल या अमेरिकेच्या पूर्वेकडच्या लांबलचक डोंगरवाटेच्या जॉर्जियातल्या टप्प्यासाठी तुम्ही शटल, म्हणजे वाट सुरू होते तिथे (ट्रेलहेडला) नेऊन सोडणारी भाड्याची गाडी ठरवलीय, 40 मैलांचे 100 डॉलर सांगितलेत, आणि एवढं भाडं दिल्यावर वर टिप कशाला, असं तुम्ही विचारलंय. द्या. 15 ते 20 टक्के, म्हणजे 15-20 डॉलर, आणि तेही रोख.

भाडं जास्त वाटतं खरं, पण हिशोब मांडून बघा. तुम्हाला उतरवल्यावर ड्रायव्हर तेच 40 मैल रिकामी गाडी घेऊन परत जातो. अमेरिकेच्या आयकर खात्याने कामासाठी वापरलेल्या गाडीचा 2025 सालचा दर मैलाला 70 सेंट ठरवला होता. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, घसारा सगळं त्यात आलं. 80 मैलांचे 56 डॉलर नुसती गाडीच खाते. उरलेल्या 44 डॉलरांत त्या माणसाची अर्धी सकाळ जाते, शिवाय जंगलातला कच्चा रस्ता असला तर टायरांचे हाल वेगळेच. ‘मालक स्वतःच गाडी चालवत असेल तर टिप देत नाहीत’ असंही कोणी तुम्हाला सांगेल. मला ते इथे पटत नाही, कारण असे पुष्कळ शटलवाले म्हणजे एक माणूस आणि एक गाडी, एवढाच कारभार असतो.

हॉस्टेलच्या व्हॅनमध्ये सात-आठ जण कोंबलेले असतील तर टक्केवारी काढत बसू नका, माणशी तीन ते पाच डॉलर ठीक. पहाटे अंधारात घ्यायला आला, किंवा वाटेत स्वयंपाकाच्या छोट्या शेगडीच्या गॅसच्या डब्यासाठी दुकानाशी थांबला (विमानात तो नेता येत नाही, त्यामुळे तुम्हालाही थांबावंच लागेल), तर थोडे जास्त द्या. तुम्हीच उशिरा पोहोचलात आणि तो ताटकळत बसला असेल, तर ते मात्र टिपेत धरू नका. थांबल्याचे किती, हे आपणहून विचारा. तुमच्याकडे गाडी असेल तर ती शेवटच्या टोकाला लावून शटलने सुरुवातीला जा, म्हणजे त्याला ताटकळत ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

ट्रेल एंजल म्हणजे हायकरांना हौसेने मदत करणारी मंडळी. त्यांचं गणित निराळं. त्यांच्या गाडीचा विमा घरगुती वापराचा असतो, आणि भाडं घेऊन माणसं नेली तर विमा कंपनी हात वर करू शकते. राष्ट्रीय वनांच्या हद्दीत असा धंदा करायला परवानाही लागतो. म्हणून ते आकडा सांगत नाहीत. त्यांना ‘किती झाले?’ विचारून अवघडवू नका. ‘पेट्रोलला ठेवा’ म्हणून नोट पुढे करा. अर्ध्या तासाच्या अंतराला 20 डॉलर मी योग्य समजेन. नको म्हणाले तर एकदा आग्रह करा, मग सोडा. वाटेत जेवायला थांबलात तर बिल तुम्ही द्या.

झायन राष्ट्रीय उद्यानात किंवा ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर (दक्षिण कड्यावर) पार्कच्या फुकट बसेस फिरतात, तिथे टिपेची अपेक्षा नसते. पण त्याच ग्रँड कॅन्यनमध्ये एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर चालत गेलात आणि खासगी व्हॅनने परतलात, तर जरूर द्या. पायी 21 मैलांच्या आसपास असलेलं ते अंतर रस्त्याने 200 मैलांच्या वर जातं.

व्हेन्मो या पैसे पाठवायच्या ॲपच्या भरवशावर राहू नका. त्याला अमेरिकेतलं खातं लागतं, आणि डोंगरात रेंज कुठली? शहरातून निघतानाच पाच आणि दहाच्या नोटा काढून ठेवा. सॅक गाडीतून उतरवून घेतलीत की भाडं आणि टिप एकदमच हातात द्या आणि ‘बाकी राहू द्या’ म्हणा, नाहीतर तो सुटे शोधत बसेल.