मुंग्या बी कशी पेरतात, हे बघायचं असेल तर
सुरुवात भिंगापासून करा, पुस्तकं नंतर. एरंडाची बी तळहातावर घ्या (विषारी असते, तोंडात अजिबात घालू नका, हात धुवा) आणि टोकाची फिकट, मऊ गाठ नीट न्याहाळा. मुंगी येते ती या स्निग्ध खाऊसाठी. बी वारुळात ओढून नेते, गाठ अळ्यांना भरवते आणि टणक बी जशीच्या तशी कचऱ्याच्या ढिगावर टाकते. तिथली माती बऱ्याचदा कसदार, शिवाय बी उंदरांच्या नजरेआड! किमान ११,००० जातींच्या वनस्पती अशा मुंग्यांकरवी पसरतात. अंतर बहुधा दोन-चार मीटरच, तेव्हा एका जागी तासभर बसा. वाटेत टाकलेली बी दिसली तर उचलू नका. शेजारी काडी रोवा, पावसानंतर पुन्हा या. बी पसरवणारे पक्षी, खारी, वटवाघळं बघायची ती त्यानंतर.